पेवाची माती

आवाज कुठून येतो हे गुणमालाला आधी कळलंच नाही. सकाळचं ऊन मागच्या सोप्यात नुकतं उतरलं होतं. ती केरसुणी घेऊन वाकली होती, आणि वाकणं आता सोपं राहिलं नव्हतं, सातवा लागला होता. कुणीतरी तोंड मिटून बारीक खडे चावावेत तसा करकर आवाज येत होता. थांबत होता, पुन्हा येत होता. उंदीर असावा म्हणून तिनं केरसुणी जमिनीवर आपटली, तरी आवाज थांबला नाही. मग तिचं लक्ष कासवांच्या खोक्याकडं गेलं. चहाच्या मोठ्या खोक्याची वरची फळी काढून केलेलं ते घर. त्यात वीतभर माती, कोपऱ्यात पाण्याची परळ आणि दोन कासवं. काल घातलेली मेथी तशीच पडून सुकली होती. धाकटं कासव मान लांब करून मातीत तोंड खुपसत होतं, तोंडभर माती घेत होतं, डोळे मिटून चावत होतं. पाल्याबरोबर चुकून गेलेली माती नव्हती ती. पाला पायानं बाजूला सारून ते माती खात होतं, रोजचं जेवण जेवावं तसं, निवांत. गुणमाला बघत राहिली आणि तिच्या जिभेच्या मुळाशी पाणी सुटलं. ते तिनं गिळलं, आणि गिळताना ती इतकी दचकली की भिंतीला हात टेकावा लागला. तिनं मागं वळून पाहिलं. कुणी नव्हतं. असतं तरी त्याला काय दिसलं असतं? एक गरवार बाई कासवाकडं बघत उभी आहे, एवढंच.

कासवं आदगोंडानं, तिच्या नवऱ्यानं, आणली होती. सांगलीच्या पेठेत त्यांची हळदीची अडत होती आणि अडतीच्या पाठीमागंच घर. वर्षातून एकदोनदा तो बेजवाड्याकडं, गुंटूरकडं माल बघायला जाई. गेल्या उन्हाळ्यात तो परतला तेव्हा त्याच्या हातात फडक्यानं बांधलेली एक पाटी होती आणि पाटीत ही दोन. मुठीएवढी, काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्या. "तुला करमत नव्हतं म्हणून आणली," एवढंच तो म्हणाला. दुसऱ्या खेपेलाही मूल मेलेलंच जन्मलं त्याला तेव्हा तीन महिने झाले होते, आणि त्या गोष्टीबद्दल नवराबायकोत झालेलं हे एवढंच बोलणं. तिच्या सासूनं, अव्वांनी, आधी कपाळाला आठ्या घातल्या. जिवाला कोंडून ठेवायचं पाप कशाला घरात? पण मग त्यांना आठवलं की कासव हे मुनिसुव्रत भगवंतांचं लांछन, मूर्तीखाली कोरतात ती खूण. त्या दिवसापासून देवळातून आल्या की त्या खोक्यापाशी थांबायच्या, हात जोडायच्या, आणि गुणमालाला पुन्हा दिवस गेले तेव्हा शेजारणीला म्हणाल्या, "ह्यांच्या पायानं आलंय." खोक्यात आधी गोणपाट होतं, त्याच्या दोऱ्यांत कासवांची नखं अडकायची. मग लाकडाचा भुसा घातला, तो भिजून कुबट वास मारायला लागला. शेवटी आदगोंडानं हरिपुराहून पेवाची माती आणवली. हरिपूरला नदीच्या बाजूला जमिनीच्या पोटात हळद साठवायची पेवं होती, दोन-तीन पुरुष खोल. पेव उघडलं की आतली हवा माणसाला मारते. म्हणून तोंड दिवसभर उघडं ठेवायचं, दोरीनं कंदील सोडून बघायचा, तो विझला नाही तरच माणूस उतरायचा. त्या खोलातली माती पिवळट, पिठासारखी मऊ, पिढ्यान्‌पिढ्या पाणी न पाहिलेली. जुन्या हळदीचा वास तिच्यात मुरलेला. पोतं सोप्यात उतरलं तेव्हा गुणमाला चुलीपुढं भाकरी थापत होती. वास तिथपर्यंत आला. तिच्या हातातली भाकरी थबकली.

ह्या खेपेला तिनं मनाशी ठरवलं होतं, नाही म्हणजे नाही. चार महिने तिनं काढले होते. न्हाणीघराच्या भिंतीचा पोपडा निघालेला, तिकडं पाठ करून ती अंघोळ करायची. पाऊस शिंतोडून गेला की नाकाला पदर लावून आत बसायची. आणि आता पोतंच घरात आलं होतं, नवऱ्यानं आणलेलं, तिच्या कौतुकासाठी आणलेल्या जनावरांसाठी. पहिल्या दिवशी तिनं नुसता वास घेतला. दुसऱ्या दिवशी बोटाचं टोक लावून बघितलं. मातीला चव नसते असं म्हणणाऱ्यांनी ती खाल्लेली नसते. आधी ती जिभेवरचं पाणी शोषून घेते, मग टाळूला चिकटते, आणि मग दाताखाली जो किरकिराट होतो तो कानामागनं मानेत, मानेतून खांद्यांत उतरत जातो. दिवसभर कुठंतरी ताणून धरलेलं काहीतरी सैल पडतं. आठवड्याभरात बोटाची चिमूट झाली, चिमटीची मूठ. अव्वांच्या घरात कांदा येत नव्हता, दिवस मावळल्यावर घास नव्हता, गाळल्याशिवाय पाणी नव्हतं. मातीच्या कणाकणात जीव असतो हे तिला लहानपणापासून माहीत होतं. संध्याकाळी अव्वांच्या शेजारी बसून ती कळत-नकळत दुखावलेल्या पृथ्वीतल्या जिवांची क्षमा मागायची, आणि मागताना ते जीव तिच्या दाढेत असायचे. जीभ फिरवायचा धीर व्हायचा नाही. अव्वांना आवाज गेला तर?

आणि आई. आईला ती कधी मुद्दाम आठवत नसे. आई मातीबरोबर आपोआप येई. कवठे महांकाळच्या अलीकडं माळावरचं त्यांचं गाव, जिकडं बघावं तिकडं दगड, आणि गावाखालच्या ओढ्याच्या दरडीत पांढऱ्या मातीचा एक पट्टा, शाडूसारखा. गुणमाला नऊ वर्षांची होती. आईला दिवस गेलेले. दुपारी घर निजलं की आई तिला जवळ ओढून कानात म्हणायची, "गुणे, जा, मूठभर घेऊन ये. कुणाला सांगू नको हं बाळ." ती परकराच्या ओच्यात माती घेऊन धावत यायची. आई कणगीच्या आडोशाला बसून डोळे मिटून खायची आणि खाऊन झालं की तिच्या केसांवरनं हात फिरवायची. घरात सहा माणसं, पण आईचं गुपित एकटीला माहीत, ह्या गोष्टीनं तिची छाती फुगायची. आईची नखं पांढरी झाली होती, ओठ पांढरे झाले होते, हसली की हिरड्याही पांढऱ्या दिसायच्या. ते तिला मातीचंच वाटायचं. पिठाच्या गिरणीतल्या माणसासारखी आई आतून माखली असेल. एके दिवशी आईला आवडेल म्हणून तिनं न सांगता दुप्पट आणली, ओचा फाटेपर्यंत. आई हसली होती. त्यानंतर तीन आठवड्यांनी आई बाळंतपणात गेली, मूल पोटातच. सुईण अंगणात हात धूत म्हणाली, "रगतच न्हवतं बाईच्या अंगात. माती खायाची म्हणं." कुणीतरी आता विचारेल, माती आणून कोण देत होतं, म्हणून ती दाराच्या मागं उभी राहिली होती. कुणी विचारलं नाही. त्या दिवशी नाही, तेराव्याला नाही, लग्नात नाही. सतरा वर्षं ती विचारण्याची वाट बघत होती.

कासव माती खातं हे अव्वांच्याही दोनच दिवसांत लक्षात आलं. "आदगोंडा, आरं बघ तरी. पाला तसाच टाकून माती गिळतंय हे," त्या म्हणाल्या, आणि आदगोंडानं दुकानातून लालासाहेबाला हाक मारली. लालासाहेब त्यांचा हमालांचा मुकादम. मूळचा रहिमतपूरचा, लढाईत खेचरांच्या पलटणीत होता, मिसरच्या वाळवंटात पायाला गोळी लागली आणि लंगडत परत आला. जनावरातलं त्याला कळतं असं पेठेत सगळे म्हणत. तो खोक्यापाशी उकिडवा बसला, धाकट्याला उचलून तळहातावर तोललं, मग थोरल्याला.

"हे धाकलं लय जड हाय," तो म्हणाला. "अंगाच्या मानानं लय जड."

"म्हंजी धष्टपुष्ट हाय म्हण की," अव्वा म्हणाल्या.

"न्हाई आक्का." त्यानं कासव अलगद खाली ठेवलं. "आमच्या कॅम्पात एका सायबानं असलंच पाळलं हुतं. वाळूत ठिवायचा, आन खाणं बी वाळूवरच टाकायचा. वल्या पाल्याला वाळू चिकटायची, पोटात जायाची. मग चटकच लागली त्येला. पाला नगं, काय नगं, निस्ती वाळू. पंधरा दिसांत ग्येलं. डाक्टर सायबानं फाडून बघितलं." तो थांबला. अव्वांकडं बघून सांगावं की नाही असं त्याच्या तोंडावर होतं, पण सांगितलंच. "पोतं उसवल्यागत वाळू भायेर आली. आतडं निस्तं ठासल्यालं."

गुणमाला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं पदर पोटावर ओढून घेतला.

"पण खातंय कशापायी?" आदगोंडानं विचारलं.

"अंगात काय तरी कमी पडतंय, मालक. चुना म्हणा, मीठ म्हणा. माणूस बोलून दावतंय, जनावर खाऊन दावतंय. आमची खेचरं न्हाई का, एकमेकांच्या शेपट्या चावून खायाची." तो आता थोरल्याचं तोंड बोटानं उघडून बघत होता. "ह्येचं अजून तेवढं न्हाई. आधी समदी माती काढा. खाली फरशी घाला, वर वाळल्यालं लांब गवत, तोंडात मावणार न्हाई असं. खाणं भुईवर न्हाई, कौलावर द्यायाचं. उनात ठेवायाचं. आन रोज कोमट पाण्यात बसवा, मानंखाली पाणी असं. त्येनं पोट सुटतंय. अंड्याची टरफलं कुटून घातली आसती तर—"

"लालासाहेब!" अव्वांनी कानांवर हात नेले.

"चुकलं आक्का. मग चुन्याची निवळी शिंपडा पाल्यावर. त्येबी चालंल."

आदगोंडा म्हणाला, "उद्या काढू माती, आज गाड्या भरायच्यात." गुणमालाला तोंड उघडून म्हणायचं होतं, आज काढा, आत्ता काढा. ती बोलली नाही. बोलली असती तर आवाजात काहीतरी ऐकू गेलं असतं. आणि खरं तर, हे तिला नंतर पुष्कळ दिवस टोचत राहिलं, माती आणखी एक दिवस घरात राहणार म्हणून तिला बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटं मेलेलं होतं. चारी पाय लांब, मान बाहेर, तोंड उघडं, आणि तोंडात वाळलेल्या मातीचा गोळा. अव्वा रडल्या नाहीत. त्यांनी त्या दिवशी उपास धरला. देवघराशी बसून त्या एवढंच म्हणाल्या, "लांछन म्येलं घरात," आणि त्यांची नजर गुणमालाच्या पोटावर गेली आणि लगेच दुसरीकडं वळली. ती वळलेली नजर गुणमालाला जास्त लागली. लालासाहेब फडक्यात गुंडाळून कासव नदीकडं पुरायला घेऊन गेला. जाताना हातात तोलून स्वतःशीच पुटपुटला, "दगड हाय निस्ता." दुपारी ती अंथरुणावर पडली तेव्हा तो शब्द तिच्या पोटावर येऊन बसला. तिनं दोन्ही तळहात पोटाखाली घातले आणि वजन घेऊन बघितलं, जसं त्यानं बघितलं होतं. ह्यात मूल किती आणि माती किती? आत कुठंतरी मूल एका बाजूला सरकलं, अंग चोरून, दाटीत बसलेल्या माणसानं सरकावं तसं. पहिल्या दोन खेपांना डॉक्टरला बोलावलं नव्हतं. सुईणीनं मुलं गुंडाळून नेली होती. त्यांची तोंडं तिनं पाहिली नव्हती. आता तिला वाटत होतं ती उघडी असतील.

लालासाहेबानं त्याच दिवशी खोकं रिकामं केलं. सोप्यात उरलेलं अर्धं पोतंही नदीत टाकून ये, असं आदगोंडानं सांगितलं. तो हातगाडी आणायला गेला तेवढ्या वेळात गुणमालानं फडताळातली लोणच्याची रिकामी बरणी काढली, पोत्यात घातली, गळ्यापर्यंत भरली, वर झाकण बसवून फडक्यानं तोंड बांधलं आणि पापडाच्या डब्यामागं ठेवून दिली. हे करायचं असं तिनं ठरवलं नव्हतं. हात करत होते, ती बघत होती. मग तिनं खोक्यात शहाबादी फरशीचा तुकडा बसवला, ओल्या फडक्यानं कोपरे पुसले, फळ्यांच्या फटीत अडकलेले कण सुईनं टोकरून काढले. मातीचा एक कण राहता कामा नये. लांब वाळलेलं गवत निवडून घातलं. अव्वांनी चुन्याची निवळी केली, ती पाल्यावर शिंपडली, कौलाचा तुकडा धुऊन त्यावर भोपळ्याची फुलं ठेवली. सगळं झाल्यावर तिनं हात साबणानं धुतले, कोरडे केले, आणि पापडाच्या डब्यामागची बरणी उघडली.

थोरलं कासव खात नव्हतं. फुलांवरनं ते चालत गेलं, कौल ओलांडून फरशीच्या कडेला गेलं आणि सांध्याला तोंड लावून चाटायला लागलं. तिथं काही मिळालं नाही तेव्हा खोक्याच्या फळीचा कपचा चावला. ते तोंड सगळीकडं फिरत होतं. घाईनं नाही, पण न थांबता. असं शोधत फिरणं गुणमालाला ओळखीचं होतं. ती बरणी संपेल त्या दिवसाचं चित्र तिला त्या तोंडात दिसायचं. रोज सकाळी ती घमेल्यात पाणी कोमट करायची, कोपर बुडवून बघायची, लहान मुलाच्या अंघोळीचं बघतात तसं. मग कासवाला त्यात बसवून अर्धा तास हातानं धरून ठेवायची. "नको रे खाऊ," ती म्हणायची. "मरशील." शेजारी बसलेल्या अव्वांना वाटायचं सुनेला केवढी माया आहे. "तू बी घे गं चमचाभर निवळी," त्या म्हणायच्या. "पोटुशीला चांगली असती." ती घ्यायची. निवळी पोटात जायची आणि तिच्यावर दुपारी माती. सोप्याच्या दोन पायऱ्या चढताना आता तिच्या डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. कानात सतत दुरून पिठाची गिरणी चालल्यासारखं वाजायचं. तरी कुणाच्या लक्षात आलं नाही. हळदीच्या घरात बायांचे हात पिवळेच असतात. नखं पिवळी, तळवे पिवळे, पाणी पिवळं. त्या पिवळ्याखालचा पांढरा रंग कुणाला दिसायचा नाही. आईचा दिसला होता, कारण आईच्या घरात जोंधळ्याशिवाय काही नव्हतं.

नवव्या दिवशी घमेल्यातलं पाणी एकदम गढूळ झालं. थोरल्यानं शेपटी उचलली आणि मातीची एक जाड दोरी बाहेर आली, मग आणखी, मग आणखी. अव्वांनी हात जोडले. "सुटलं गं बाई, सुटलं!" पाणी बदललं, दुसऱ्यांदा बसवलं, पुन्हा निघालं. बाहेर काढून ठेवल्यावर कासव थोडा वेळ तसंच बसून राहिलं. मग चालत कौलापाशी गेलं, भोपळ्याच्या फुलाला तोंड लावलं, आणि फुलाचा तुकडा तोडून खाल्ला. अव्वा खुदकन हसल्या. लाज वाटून त्यांनी तोंडाला पदर लावला. गुणमालाही हसायला गेली आणि हसण्याच्या मधेच तिला आठवलं की काल दुपारपासून पोटात काही हललेलं नाही. आठवलं म्हणजे, ते तिला रात्रभर माहीत होतं. फक्त त्याच्याकडं बघितलं नव्हतं. ती आत जाऊन डाव्या कुशीवर पडली. गार पाणी प्याली. पोटावर बोटांनी टिचक्या मारल्या, आधी हळू, मग जोरात. आत शांत होतं. ही शांतता तिच्या ओळखीची होती, दोनदा येऊन गेलेली. ती उठली. अव्वा सोप्यात सूप घेऊन जोंधळे पाखडत होत्या.

"अव्वा."

"काय गं?"

"मी माती खाते."

सूप थांबलं. "कसली माती?"

"कासवांचीच. पेवाची."

"किती?"

ती आत गेली, बरणी घेऊन आली आणि अव्वांच्या पुढ्यात ठेवली. तळाशी चार बोटं माती उरली होती. अव्वांनी बरणी हातात घेतली, आत बघितलं, मग सुनेच्या तोंडाकडं बघितलं, मग पुन्हा बरणीत. शेवटी त्यांनी विचारलं, "आन लेकरू?"

"कालपासनं हललं न्हाई."

अव्वा उठल्या त्या सुपातले जोंधळे सांडत. गिऱ्हाईक असताना दुकानात पाऊल न टाकणारी ती बाई अनवाणी, डोईवरचा पदर न सावरता सौदा चाललेल्या बैठकीत जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांच्या देखत ओरडली, "आदगोंडा, टांगा आण! मिरजंला जायाचं हाय!"

टांग्यात आदगोंडा पुढं बसला, मागं त्या दोघी. विश्रामबाग मागं पडली. ऊन डोक्यावर आलं होतं, रस्त्याचा फुफाटा चाकांबरोबर उडत होता आणि गुणमाला तोंड घट्ट मिटून बसली होती. फुफाट्याचाही वास चांगला येत होता. ते स्वतःला कळल्यावर तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. अव्वांनी समोर बघतच विचारलं, "मागल्या दोन टायमाला बी?"

"व्हय. भिंतीची."

पुढं बसलेल्या आदगोंडाची पाठ ताठ झाली. तो वळला नाही.

"तुझी आई बी त्यातच ग्येली म्हणं," बऱ्याच वेळानं अव्वा म्हणाल्या. "सोयरीक जमताना कानावर आलं हुतं. पण असल्या बाईला आणून कोण देत असंल?"

विचारलं होतं. सतरा वर्षांनी, चालत्या टांग्यात, ज्या बाईनं विचारायला नको होतं तिनं विचारलं होतं, आणि तेही उत्तरासाठी नाही, असंच. गुणमाला म्हणाली, "मी." लहान होतीस, असं अव्वा म्हणाल्या नाहीत. पापिणी, असंही म्हणाल्या नाहीत. त्यांनी आपला पदर सोडवून सुनेच्या डोक्यावरनं पुढं ओढला, ऊन लागू नये म्हणून, आणि मिरज येईपर्यंत तो तसाच धरून ठेवला.

दवाखान्यातली डॉक्टरीण उंच होती, तिचे हात गार होते. तिनं पोटावर लाकडी नळी टेकवली आणि दुसऱ्या टोकाला कान लावला. ऐकत राहिली. नळी हलवली, पुन्हा ऐकलं. खिडकीबाहेर कुणीतरी बादली घासत होतं, त्या माणसाला डॉक्टरणीनं हातानंच थांबायची खूण केली. तिसऱ्या ठिकाणी नळी ठेवून तिनं डोळे मिटले. गुणमालाला छत दिसत होतं, छतावरचा चुना दिसत होता. "आहे," डॉक्टरीण म्हणाली. "फार हळू आहे, पण आहे." मग तिनं गुणमालाची पापणी खाली ओढून बघितली, जीभ बघितली, नखं ओल्या बोळ्यानं पुसून हळद काढली आणि बघितली. "बाई, तुमच्या अंगात रक्तच नाही. आता घरी जायचं नाही, इथंच राहायचं बाळंत होईपर्यंत." माती खाते म्हणून अव्वांनी सांगितलं तेव्हा ती चिडली नाही. "रक्त कमी झालं की माती हवीशी वाटते, आणि माती खाल्ली की रक्त आणखी कमी होतं. आजार आहे हा. ह्यात कुणाचा गुन्हा नाही."

"आन आणून देणारीचा?" गुणमालानं विचारलं.

"काय म्हणालात?" डॉक्टरणीला समजलं नाही. तोवर दारात दुसरा रोगी आला होता.

सहा आठवडे ती त्या खाटेवर होती. लोहाची सुई कुल्ल्यात टोचत, तांबडं कडू औषध दिवसातनं तीनदा. पहिले पंधरा दिवस तिला खाटेशेजारच्या भिंतीनं छळलं. दुपारी निजल्यावर तिचं नख आपोआप चुन्याकडं जायचं. अव्वा खाटेखाली पटकूर टाकून राहिल्या होत्या, देऊळ सोडून, सोवळं सोडून. झोपेतसुद्धा त्यांचा हात वर येऊन तिची बोटं चाचपायचा, आणि ती भिंतीकडं असली तर मुकाट्यानं धरून आपल्याकडं ओढायचा. आदगोंडा एक दिवसाआड यायचा, मोसंबी ठेवायचा, थोडा वेळ बसायचा. एकदा त्यानं विचारलं, "मला का न्हाई सांगितलंस?" आणि उत्तराची वाट न बघता म्हणाला, "पोतं मीच आणलं गं." दोघंही मग मोसंब्याकडं बघत राहिली. विसाव्या दिवशी जेवणात भाताला मिठाची चव लागली आणि तिला तोवर मीठ लागत नव्हतं हे तिला तेव्हा कळलं. मूल हलत होतं, पण थोडं; सकाळी एकदा, दिवस मावळताना एकदा. त्या दोन वेळांच्या मधला वेळ ती कान लावून बसल्यासारखी काढायची.

बाळंतपण भर दुपारी झालं. मुलगी. बाहेर आली तेव्हा रडली नाही. डॉक्टरणीनं तिला उलटं धरून पाठीवर थापट्या मारल्या, तोंडात बोट घालून काहीतरी काढलं, पुन्हा मारल्या. मग मांजराच्या पिलासारखा एक बारीक आवाज आला. मुलगी एवढीशी होती, तळव्यापासून कोपरापर्यंत मावणारी. पण ओठ तांबडे होते. गुणमालानं ते तीनतीनदा बघितले, उजेडाकडं तोंड करून बघितले. तांबडे होते. आणि ते उघडेच होते. डोळे मिटलेले, अंग दुपट्यात आवळलेलं, आणि तेवढं तोंड जागं. इकडून तिकडं वळत होतं, गालाला जे लागेल त्याला धरत होतं. आधी गुणमालाचा अंगठा धरला. मग तिच्या बाहीची किनार. मग चादरीचं टोक त्या तोंडात गेलं आणि मुलगी ते जोरजोरात चोखायला लागली. गुणमालाच्या तोंडून किंकाळीसारखं काहीतरी निघालं आणि तिनं चादर हिसडून ओढली. मुलगी कळवळून रडली.

"आगं, आगं! काय करतीस?" अव्वा धावत आल्या. सुनेचं तोंड बघून त्यांना काय ते समजलं. त्या खाटेच्या कडेला टेकल्या. "भूक हाय ती. भुक्यालं लेकरू काय बी धरतंय. भ्यायाचं न्हाई. पाज तिला."

तिनं चोळीची गाठ सोडली. त्या एवढ्याशा तोंडानं स्तन असा पकडला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलगी प्यायला लागली. अव्वा पदरानं वारा घालत होत्या, बाहेर कुठंतरी टांग्याची घंटा वाजत होती. गुणमाला त्या बारीक गळ्याकडं बघत होती. एकेक घोट उतरताना दिसत होता, आणि प्रत्येक घोट खाली उतरेपर्यंत ती श्वास रोखून धरत होती.